गावात नवं सुचावं म्हणून काय करावं? यवतमाळहून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकाने विचारलं आहे: "ताई, आमच्याकडे थोडा निधी आला आहे. ग्रामपंचायतीची जुनी इमारत दुरुस्त करून तिथे इनोव्हेशन सेंटर काढायचा विचार आहे. संगणक, प्रोजेक्टर, थ्रीडी प्रिंटर घेऊ. ऑक्टोबर ते डिसेंबर कार्यशाळा ठेवू. आजूबाजूच्या गावांतली हुशार पोरं निवडू. पण त्यांना नवं सुचेल असं वातावरण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि पोरं निवडायची कशी?"

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे म्हणून ते आधी देते. निवडू नका. बचत गट, शेतीशाळा, डाळ मिल, कापसाचे गट यांच्यासोबत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात माझं कामाचं आयुष्य गेलं. हुशार माणसांची टंचाई मला कुठल्याच गावात दिसली नाही. टंचाई होती ती वेगवेगळं जाणणारी माणसं एकमेकांसमोर बसण्याची, आणि सुचलेलं करून पाहायला लागणाऱ्या थोड्या मोकळीकीची. वावरातली चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, आठ दिवस, दोन-तीन हजार रुपये, एवढीच ती मोकळीक असते. ती नसली की सुचलेलं पानठेल्यावर बोलून संपतं.

आपल्याकडे नवं कुठे घडलं ते नीट पाहू. नांदेडचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास पटेल-३ जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांच्या या निवडीतून जो बारीक तांदूळ आला, तो आज एचएमटी नावाने ओळखला जातो. जमीन दीड एकराच्या आसपास. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण गरिबी आणि प्रतिभा एवढ्यावरच थांबतात. माझं लक्ष त्यांच्या भोवतालाकडे जातं. धान लावणारा, निंदणारा आणि कापणारा माणूस एकच होता, म्हणून लोंबी वेगळी आहे हे दिसलं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, घरचं बी ठेवायची रीत होती, म्हणून वेगळ्या लोंबीचं पुढे काय करायचं हा प्रश्नच पडला नाही. आणि दीड एकरात पिकलेलं बी दीड एकरातच राहिलं असतं, पण ते शेजाऱ्यांकडे गेलं, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याने जास्त जमिनीवर लावून पाहिलं, मग ते व्यापाऱ्याच्या हाती लागलं. त्या काळी सगळ्यांना हव्या असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव या धानाला मिळालं ते व्यापारातूनच. लहान शेतकऱ्याची नजर, मोठ्याची जमीन आणि व्यापाऱ्याचा बाजार अशी ती साखळी आहे.

आता तुमचा कापूस घ्या. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत आपल्याकडचं जवळपास सगळं सरकीचं बी पाकिटातून यायला लागलं. हे बी संकरित. घरचं धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. त्यामुळे वावरात एखादं झाड अळीतही तगलेलं दिसलं, तरी कापूस उत्पादकाला त्या दिसण्याचा काही उपयोग करता येत नाही. दादाजींच्या तोडीची नजर असलेला माणूस राळेगावात किंवा घाटंजीतही असेल. त्याच्या पिकाने त्याला पुढची वाट ठेवलेली नाही.

त्याच माणसाच्या अवजारांकडे पाहा, चित्र एकदम वेगळं. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं बैलांचं अवजार. शेवटच्या डवरणीला त्याच्या जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्यांना, दोरी गुंडाळली की मागे आपोआप सरी पडते. पाऊस मुरतो, जादा झाला तर निघून जातो. खर्च दोरीचा. आज कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही हा प्रकार वाचायला मिळतो. डवरा गावात, दोरी गावात, सरीचं महत्त्व सगळ्यांना माहीत. नवी कल्पना बहुतेक वेळा अशीच असते: हाताशी असलेल्या दोन-तीन गोष्टी कुणीतरी एकत्र करतो. जी वस्तू उघडता येते, तोडता-जोडता येते, जिच्यावर आपला ताबा आहे, तिथेच हे घडतं. म्हणून तुमच्या सेंटरचा विषय ठरवताना पहिली गाळणी हीच लावा. सोयाबीन आणि हरभऱ्याचं बी घरचं चालतं. अवजारं, साठवण, डाळ, शेततळं, रोही-डुकरांपासून राखण, हे सगळं सभासदांच्या ताब्यातलं आहे. कापसाच्या वाणावर प्रकल्प घेऊ नका, पोरं थकतील.

भेटीगाठींचं काय, ते गडचिरोलीत नीट दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये तिथे काम करायला आले, त्याआधी ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले होते. दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. लोकांचं म्हणणं, तुमच्या दवाखान्यात देव नाही आणि नातेवाइकांना टेकायला जागा नाही. मग त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना गावासारखा, घराघरांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. त्याच संस्थेतलं श्वास मोजायचं साधन बघा. बाळाला निमोनिया आहे का हे कळायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, आणि गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंतचे आकडे येत नव्हते. तेव्हा मण्यांची पट्टी आणि वाळूचं घड्याळ जोडलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचलात तर बाळाला औषध सुरू करायचं. श्वासाचा वेग आणि निमोनिया यांचा संबंध वैद्यकाला ठाऊक होता. दहापर्यंत मोजून एक खूण बाजूला ठेवायची रीत आपल्या बायांना कायमच ठाऊक आहे, त्या पायल्या अशाच मोजतात. दोन्ही एका पडवीत आलं.

पुढे ३९ गावांमध्ये गावच्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं गेलं. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. लांबची विद्या आणि जवळची माणसं दोन्ही नसती तर हे झालं नसतं. नुसते तज्ज्ञ आणून भाषणं ठेवणाऱ्या केंद्रांत मी यातलं काही उगवलेलं पाहिलं नाही. तज्ज्ञ बोलतो, आपण टाळ्या वाजवतो, नाश्ता होतो.

गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा झाला. या बातम्या झाल्या. तुमच्या कामाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, तिथे फक्त समजून घ्यायचं असतं. ज्याला यायचं तो येतो, बाहेरच्यालाही बसता येतं, हवं ते विचारता येतं. मधमाश्या न मारता पोळ्यातला मध कसा काढायचा यासारखे विषय असेच चर्चेत आले.

ही विभागणी मला फार मोलाची वाटते. आपल्या कंपन्यांच्या आणि गटांच्या बैठकीत काय होतं ते आठवा. विषयपत्रिका असते, सह्या असतात, बँकेचा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो. अशा ठिकाणी अर्धवट कल्पना कोणी बोलून दाखवत नाही, कारण बोललेलं लगेच ठरावात जाईल किंवा लगेच हसण्यावारी जाईल. अर्ध्या कल्पनेला बसायला वेगळी जागा लागते. तुमच्या संचालक मंडळाची बैठक आणि सेंटरची बैठक एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच अध्यक्षाखाली ठेवू नका. अध्यक्षांना राग येईल, येऊ द्या.

आता ओळखीपाळखीबद्दल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं की, नोकरीची खबर कुणाकडून कळली. ज्यांना ओळखीतून कळली त्यांतल्या बहुतेकांना ती अशा माणसाकडून मिळाली होती, ज्याची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात फिरतो.

बॉस्टनला नोकरदारांची वर्तुळं असतील, आपल्या गावातला हा दुवा कोण? माझ्या मते सुना. पुरुष जिथे जन्मला तिथेच म्हातारा होतो, बाई दुसऱ्या गावाची पीकपद्धत, बियाणं, वाळवणाच्या रीती डोक्यात घेऊन येते. वरूडची संत्र्यातली मुलगी दारव्ह्याच्या कापसात येते, खामगावची डाळीच्या धंद्यातली मुलगी आर्णीत. आणि आपण तिला काय विचारतो? चहा झाला का.

एका बचत गटाच्या डाळ मिलची गोष्ट सांगते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी दाल मिल, तुमच्या भागातही असतील. तुरीची साल सुटत नव्हती, चुरी फार होत होती. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. गटात एक नवी सून होती, तिच्या माहेरी शेजारीच डाळ मिल. हंगाम निम्मा होईपर्यंत ती गप्प, कारण गटाची अध्यक्ष तिची सासू. एके दिवशी सासू तालुक्याला गेली आणि ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं तेल लावलं का लगेच उन्हात नाई टाकत. ढीग करून रातभर झाकून ठेवते, मंग ऊन." तेल आत मुरायला वेळ मिळाला, साल सुटायला लागली, चुरी कमी झाली. सासूने दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि म्हणाली, "मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं व?" यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्या हसल्या. त्या गटात नंतर एक पद्धत पडली: अडचण आली की आधी सगळ्यांनी आपापल्या माहेरी फोन करायचा. मोबाइलचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. व्हॉट्सअॅपच्या शेतकरी गटांबद्दल मला तेवढं कौतुक नाही. खबर पसरते, भाव कळतो, पण तिथे शंका विचारणारा कमी आणि फोटो टाकणारा जास्त असतो.

म्हणून इमारतीचा प्रश्न. जुनी ग्रामपंचायत नेमकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. मारुतीच्या पाराला लागून असेल तर बौद्ध वस्तीतली पोरं किती सहज येतील, हे आधी विचारा. पानठेल्याशेजारी असेल तर बाया येणार नाहीत. पानठेला ही आपल्याकडची खबरांची सर्वांत मोठी जागा, पण ती अर्ध्याच गावाची. उरलेलं अर्धं गाव चक्कीवर, निंदणाच्या धुऱ्यावर आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटतं. ज्या गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना टिकून आहे, तिथे प्रार्थनेनंतरचा अर्धा तास चांगला मिळतो, कारण त्या सतरंजीवर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं नसतं. शक्य असेल तर तालुक्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानाला खेटून एक शेड भाड्याने घ्या. पेरणी यंत्र, डवरे, ट्रॉल्या दुरुस्तीला तिथेच येतात, म्हणजे गावोगावच्या अडचणी आपल्या पायाने तिथे येतात. वेल्डरला महिन्याला थोडे पैसे द्या आणि वहीत एवढंच लिहायला सांगा: काय मोडलं, कुठे मोडलं, मालकाने काय करून मागितलं. सहा महिन्यांत ती वही तुमच्या सगळ्या सर्वेक्षणांपेक्षा कामाची होईल.

गांधीजींच्या काळात वर्ध्याला मगनवाडीत हेच चालत होतं. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, चुली, मधमाश्या यांचे प्रयोग एकाच आवारात होते. मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनीच केलं. आज त्या परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. पोरांना घेऊन जा, पण सहलीला नेऊ नका. चार जण न्या आणि तिथल्या तंत्रज्ञांसोबत दोन दिवस काम करू देता येईल का ते आधी पत्राने विचारा.

वेळेचंही वातावरणच असतं. तुमच्या वेळापत्रकात ऑक्टोबर ते डिसेंबर कार्यशाळा आहेत. तेव्हा कापूस वेचणी चालू असते, कोण येणार? झड लागली की तीन-चार दिवस वावरात पाय टाकता येत नाही, तेव्हा लोक घरी असतात आणि कंटाळलेले असतात. ते दिवस पकडा. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्यावरची रात्रही चांगली, पण लग्नसराई सांभाळून.

पैशाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. निधीतला मोठा हिस्सा करून पाहण्याच्या जोखमीसाठी ठेवा. आपला शेतकरी कृषी केंद्रातून उधारीवर बी, खत, औषध उचलतो आणि सल्लाही तिथूनच घेतो. डोक्यावर पीककर्ज. अशा माणसाला 'प्रयोग करा' म्हणणं सोपं असतं, कारण नुकसान त्याचं होणार असतं. त्यापेक्षा असं करा: ज्याला काही करून पाहायचं आहे त्याने वावरातली चार तासं त्यासाठी ठेवावीत, शेजारची चार तासं नेहमीसारखी. काढणीला दोन्हींचं वजन सगळ्यांसमोर करायचं. प्रयोगाच्या तासांत कमी आलं तर फरक कंपनीने भरून द्यायचा. चार तासांचा फरक किती असेल हो? त्या किमतीत प्रोजेक्टरची वायरही येत नाही. आणि फसलेला प्रयोग त्याच वहीत लिहायचा, म्हणजे दुसऱ्या गावात तोच पुन्हा फसणार नाही.

श्रेयाचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा. दादाजींच्या धानाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हा वाण आणला, आणि मूळ श्रेय कुणाचं हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा सन्मान केला. जून २०१८ मध्ये ते गेले, आणि हलाखी शेवटपर्यंत सुटली नव्हती. या गोष्टीचा परिणाम मी बैठकांमध्ये पाहिला आहे. चांगलं बी असलेला माणूस विचारलं तरी दाखवत नाही. "दाखवलं का जाते," म्हणतो, म्हणजे दाखवलं की हातचं गेलं. एकदा लोकांनी हातचं राखून ठेवायला सुरुवात केली की तुम्ही कितीही भेटी घडवा, समोरासमोर बसलेली माणसं हवापाण्याच्याच गप्पा मारतात. म्हणून कल्पना कुणाची, बी कुणाचं, सुधारणा कुणाची हे नाव-तारखेसह वहीत, आणि मालाच्या पाकिटावर छापता आलं तर तिथेही. डाळीच्या पाकिटावर सुनेचं नाव छापायला काय हरकत आहे?

थ्रीडी प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नका. धूळ, विजेचे हेलकावे आणि दुरुस्तीला माणूस नाही. वहीत एखादी अडचण अशी निघाली की जिला प्लास्टिकचा सुटा भाग लागतोच, तर जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये जा. तिथल्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्पासाठी खरी अडचण हवीच असते. त्या निमित्ताने त्यांचं तुमच्या शेडमध्ये येणं-जाणं सुरू झालं तर उत्तमच.

वाचलेल्या पैशातून प्रवास करा. दर गावातून एक बाई, एक पुरुष आणि शक्यतो एक कारागीर असे पाठवा, नुसते संचालक नकोत. परत आल्यावर त्याच आठवड्यात त्यांनी काय पाहिलं ते सगळ्यांना सांगायचं, आणि पुढच्या हंगामात आपल्या वावरात चार तासं कशासाठी ठेवणार तेही. नांदेडला जायचं ठरलं तर धान निसवल्यानंतर, ऑक्टोबरच्या आसपास जा, तेव्हाच बांधीतल्या लोंब्यांमधला फरक डोळ्यांना दिसतो. एप्रिलमध्ये गेलात तर बहुतेक बांध्या कोरड्या असतील आणि माणसं तेंदूपत्त्याच्या तयारीत.